पावसाळ्यात रिकामे दिसलेले पत्ते

मी एका साखर कारखान्यात कॉम्प्युटर बघतो. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक, सर्व्हर बसला तरी मलाच.

पावसाळ्यात कारखाना बंद असताना आमच्याकडे क्लस्टर आला. तीन सर्व्हर एकत्र जोडायचे आणि सगळे प्रोग्रॅम कंटेनरमध्ये, म्हणजे आपापल्या बंद डब्यात, चालवायचे. बसवणारे पुण्याचे, उंटावरून शेळ्या हाकणारे. फोनवर म्हणाले, "आयपी पूल तेवढा तुम्ही भरा, सर." बाहेरून सापडायला प्रत्येक प्रोग्रॅमला नेटवर्कवर एक पत्ता लागतो. तो क्लस्टर आपण दिलेल्या पूलमधून, म्हणजे पत्त्यांच्या यादीतून, उचलतो. अट एवढीच की तो पत्ता आधी कुणाचा नसावा.

मी वीस पत्ते निवडले. प्रत्येकाला पिंग केलं, म्हणजे हाक मारून पाहिली. एकानेही ओ दिली नाही. रिकामे आहेत म्हणून भरून टाकले आणि चहाला गेलो.

गळीत हंगाम सुरू झाल्यावर एका सकाळी मी क्लस्टरवर आणखी एक प्रोग्रॅम चालू केला. तासाभरात बैलगाड्यांच्या काट्यावर बोंबाबोंब. गाडी काट्यावर चढली की वजन नेटवर्कवरून कॉम्प्युटरवर येतं आणि पावती निघते. आज आधीच्या गाडीचं वजन पुढच्या गाडीच्या पावतीवर छापून येत होतं.

काट्यावरचे क्लार्क निवृत्तीला टेकलेले. सगळे त्यांना काका म्हणत. उसाच्या मुलखात 'काटा मारतो' यापेक्षा वाईट शिवी नाही, आणि ती त्यांना उभ्या नोकरीत पहिल्यांदा ऐकावी लागत होती. एका गाडीवानाने बैल काट्याआधीच थांबवले. "ह्या म्हाताऱ्याच्या हातनं वजन न्हाई करायचं!" त्याच्यामागे सगळी रांग खोळंबली. शेतकी अधिकारी मला म्हणाले, "दुपारपर्यंत कारण सांगा. नाहीतर काकांना काट्यावरून उठवतो."

मी केबल बदलली, प्रिंटर बदलला, पुण्याला फोन केला. पुण्याचे जेवायला गेले होते. शेवटी काट्याच्या यंत्रावर चिकटवलेला पत्ता वाचला. माझ्या पूलमधला अकरावा! सकाळच्या प्रोग्रॅमने तोच उचलला होता. एका पत्त्यावर दोघं, म्हणून नवं वजन कॉम्प्युटरपर्यंत पोचत नव्हतं आणि आधीचंच छापलं जात होतं. पावसाळ्यात काटा बंद असतो. बंद यंत्र पिंगला कुठून ओ देणार?

हे मला कळायला हवं होतं, दुसऱ्या कुणालाही नाही कळलं तरी. मी पाथर्डीकडचा, ऊसतोड्यांच्या घरातला. सगळे तोडीला गेले की आमच्या दाराला सहा महिने कुलूप असे. एकदा रेशनची यादी करणारा कुलूप बघून 'कुणी राहत नाही' असं लिहून गेला. रेशनकार्डावर नावं परत चढवायला वडिलांनी वर्षभर तहसीलचे उंबरे झिजवले. आई त्या माणसाचा मुडदा बसवायची. आणि तेच मी खुर्चीत बसून केलं. लाज वाटली.

तो पत्ता पूलमधून काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. चाचणीत वजनं नीट येऊ लागली. अधिकाऱ्यांना म्हणालो, "नेटवर्कचा प्रॉब्लेम होता." ते मान डोलावून गेले. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण बाहेर रांग हलत नव्हती, आणि काका खिडकीशी हात मांडीवर ठेवून बसले होते. मी जवळ जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं.

"मला काय सांगता साहेब?" ते म्हणाले. "मी काटा मारला न्हाई हे मला ठावं हाय. त्यास्नी सांगा." आणि गाड्यांचे नंबर पुकारायचा माईक त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

मी बटन दाबलं. "तांत्रिक अडचणीमुळे..."

काकांनी माईकवर तळवा ठेवला. "तांत्रिक कोन? नाव हाय का त्येला?"

मी परत बटन दाबलं. मग माझं नाव सांगितलं, आडनावासकट, गावासकट. म्हणालो, "पत्ते मी चुकीचे भरले. काकांचा काटा खरा आहे. ज्यांच्या पावत्या चुकल्या त्यांचं वजन परत होईल."

 यार्डात कोणीतरी तंबाखू थुंकला. मग सकाळपासून अडून बसलेल्या त्या पहिल्या गाडीवानाने कासरा ओढला आणि बैल काट्यावर चढवले. काकांनी वजन वाचलं, मोठ्याने.