फक्कीने आखलेली पडवी

मीनलचा भाऊ फोनवर "ताई, ती गेली" म्हणाला, तेव्हा मी जव्हारच्या एसटी डेपोत मोखाड्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. पिशवीत फक्की होती, बांधकामाची जागा आखायला जमिनीवर मारतात ती पांढरी पूड. पंधरवड्यापूर्वी नाशिकच्या दवाखान्यात तिनंच सांगितलं होतं, "शालन, आपल्या पहिल्या कक्षामागं पडवी आखून ये. मला फोटो दाखव." मी म्हटलं, उद्याच जाते. मग गुडघा दुखला, मग पाहुणे आले... गाडी आली आणि मला न घेता गेली. पिशवी पाच आठवडे दाराशी तशीच होती.

मीनल आर्किटेक्ट. फक्त दवाखानेच बांधायचे, हे तिनं पहिल्यापासून ठरवलेलं. शहरातली चकचकीत हॉस्पिटलं सोडून ही बाई आमच्या डोंगरात कशाला कडमडतेय, असं मला, तेव्हाच्या नर्सला, वाटलं होतं. वीसेक वर्षांपूर्वी पोशेऱ्याच्या पलीकडे तिनं कुपोषित बाळांसाठी कक्ष बांधला. उजेड कसा यावा, वारा कसा खेळावा, खाटेवर पडल्यापडल्या आईला बाळ कसं दिसावं, सगळं बघितलं. पांढऱ्या फरशा पाहून मी तर हरखलेच. एक गोष्ट मात्र नकाशा बघतानाच ध्यानात आली होती. आमच्याकडे बाई एकटी दवाखान्यात येत नाही. सासू, चिल्लीपिल्ली, तांदळाचं गाठोडं, सगळं बरोबर येतं. त्यांनी रांधायचं कुठं? नकाशात चुलीला जागा नव्हती. एवढ्या शिकलेल्या बाईला काय शिकवायचं, म्हणून मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून छळतं.

कक्ष सुरू झाल्यावर दाखल झालेली जनी तिसऱ्याच दिवशी आजारी बाळ घेऊन घरी निघाली. तिच्या सासूनं व्हरांड्यात तीन दगड मांडून चूल पेटवली होती; फरशी काळी होते म्हणून वॉचमननं ती विझवली. मी आडवी आले तर जनी म्हणाली, "बाय, मोठी दोन पोरां उपाशी हायत. हितं चूल पेटवू देत नाय. घरी तरी रांधून घालीन." बाळ आठवड्याच्या आत गेलं.

मीनल आली ती सरळ त्या व्हरांड्यात बसली. "मी भिंतीच मोजल्या गं," एवढंच म्हणाली. मला आधीच कळलं होतं हे सांगितल्यावर मात्र भडकली. दोन महिने बोलली नाही. मग एक दिवस फक्कीची गोणी घेऊन दारात हजर. "चल. कागद नंतर."

पुढं तिची रीतच झाली. पाड्यावरच्या मोकळ्या जागेत खऱ्या मापाचा दवाखाना फक्कीने आखायचा आणि बायांना त्यात हिंडायला लावायचं. खाट इथं, मग चूल कुठं? बाया आधी लाजायच्या, मग हसत हसत पायानं तिच्या भिंती पुसायच्या. "पाडलात माझा दवाखाना," म्हणत ही परत आखायची. जव्हार-मोखाड्यातल्या तिच्या प्रत्येक दवाखान्याला नंतर रांधायची पडवी झाली. फक्त पहिल्याला नाही. तिथला नकाशा सरकारी कचेरीतून दर वेळी पडवीवर काट मारून परत यायचा. शेवटचा आला तेव्हा ती स्वतःच खाटेवर होती. "कागदावर मारतील काट, जमिनीवर कोण मारतंय?" म्हणाली आणि तेवढ्या दुखण्यातही डोळ्यावर येणाऱ्या दिव्याला नावं ठेवत राहिली.

गेल्या मंगळवारी मी गेले. गुडघा दुखत होता, म्हटलं दुखू दे. कक्षामागं टेप लावला, फक्की मारली. वळून बघते तर जनी उभी. केस पांढरे झालेले. तिची सून बाळाला घेऊन आत दाखल होती. मी सांगितलं, आपली दवाखानेवाली बाई गेली. जनी रेघांच्या आत शिरली, चारी कोपरे फिरली.

"दार हितं नको. वारा हितूनच येतो, चूल इझल," म्हणाली आणि पायानं माझी रेघ पुसली. मग तीन दगड आणून मांडले, काटक्या मोडायला बसली. मी दार दुसऱ्या बाजूला आखलं.

धूर बघून नवा वॉचमन ओरडत आला, "इथं चूल नाही पेटवायची!" मी दाराच्या रेघेवर उभी राहिले आणि या वेळी बोलले.