पहिली सही कुणाची?

सातारच्या सूतगिरणीत वीस वर्षं काढली. कापसाचे तंतू केसांत अडकतात तसे किस्से अडकलेत. कितीही झाडा, घरी गेल्यावर आणखी निघतातच!

*

आमच्या खात्यात बाथरूमला जायला पास एकच. लाकडी बिल्ला, सुपरवायझरच्या टेबलावर. पोटुशी वैशाली तासाभरात दुसऱ्यांदा मागायला गेली.

"आत्ताच तर जाऊन आलीस!"

"बाळाला बी तुमचं टायमिंग सांगून बघा की!"

अख्खं खातं हसलं. बिल्ला मात्र मिळाला नाही. आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

*

मॅनेजर दर मीटिंगला म्हणायचे, "आपली गिरणी म्हणजे एक कुटुंब!"

एकदा सुनंदा उठली. "मग घरच्या माणसांस्नी पंखा लावा की! तुमास्नी एसी हाय."

युनियनचा पहिला अर्ज तिनंच लिहिला, पहिली सहीही तिचीच. आठव्या दिवशी या कुटुंबानं तिला गेटावरूनच कायमची परत पाठवली!

*

मशीनवर बांगड्या नकोत, हात अडकतो. मान्य! पण रोज सकाळी त्या काढून द्यायच्या मेजरांकडे. मेजर म्हणजे आमचे सिक्युरिटीवाले, फौजेतून रिटायर्ड. मॅनेजर दिसले की सॅल्यूट! आमच्यापुढं पत्र्याचा डबा धरायचे, "आवं ताई, बांगड्या!" साहेबांचा माणूस, असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणायचो.

*

युनियनचा दुसरा अर्ज शोभाताईंनी केला. त्यांच्या एकटीच्या नोकरीवर घर चालतं, तरी केला.

"ह्या बारीला पहिली कुणीच न्हाई," त्या म्हणाल्या. हातातलं पितळेचं जाड कडं कागदावर ठेवून भोवती पेन फिरवलं. त्या गोलाच्या कडेनं आम्ही चाळीस जणींनी सह्या केल्या.

मॅनेजरनी आम्हाला ऑफिसात उभं केलं. कागद फिरवून फिरवून साहेब लाल झाले. "सुरुवात कुणी केली?" मग त्यांचं डोकं चाललं. "हा गोल बांगडीचाच ना? मेजर, डबा आणा!"

शोभाताईंनी सकाळीच कडं मेजरांच्या हातात दिलेलं मी पाहिलं होतं.

साहेबांनी आमची एकेक बांगडी त्या गोलावर ठेवून पाहिली. बायकांच्या बांगड्या मापत बसलेला मॅनेजर! एकही बसेना. शेवटी डबा रिकामा झाला.

शिफ्ट सुटल्यावर गेटवर मेजरांनी जिच्या बांगड्या तिला दिल्या. शोभाताई सगळ्यांच्या मागं होत्या. मेजरांनी पँटच्या खिशातून कडं काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"डब्यात मावंना ताई, म्हणून बाजूला ठेवलं व्हतं."