ए फॉर तुरटी

चाळीस वर्षं चाललेलं तुमच्या पणजोबांचं दुकान मी तीन दिवसांत बंद पाडलं.

दुकान बुढापाऱ्यात होतं, तलावाकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी. सुईदोऱ्यापासून कंदिलाच्या काचेपर्यंत सगळं मिळायचं. फक्त कुठे आहे ते एकट्या पणजोबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, माहीत असायचं. कापूर बुटांच्या पॉलिशशेजारी, शेवया खिळ्यांशेजारी. मामंजी गल्ल्यावर बसून गिऱ्हाइकाशी गप्पा मारायचे, हात आपोआप मागे जायचा आणि नेमकी बरणी घेऊन यायचा. मान कधी वळायची नाही. सगळा पारा, म्हणजे आमचा मोहल्ला, कौतुक करायचा. मला मात्र (मी इंग्रजी घेऊन बी.ए.; माहेरी आमची पुस्तकंसुद्धा उंचीप्रमाणे उभी असत) ती निव्वळ फुशारकी वाटायची.

तुमच्या आजोबांचे थोरले भाऊ तेव्हा उरला इथल्या लोखंडाच्या कारखान्यात होते. दर रविवारी जेवायला यायचे आणि भाताबरोबर तोच विषय वाढून घ्यायचे.

"बाबा, आता बस करा. दुकान आहे का कबाडखाना? भाड्यानं देऊन टाकू."

"अन् मी काय करू दिवसभर? तुह्या कारखान्यात लोखंड वितळवू?" मामंजी म्हणायचे, पण त्यांचा घास हातातच राहायचा.

मला वाईट वाटलं. (मला वाईट वाटलं की घराला ते भोगावं लागतं, हे तुमचे आजोबा लग्नानंतर लवकरच शिकले.) मी म्हटलं, "भाऊजी, मला आठ दिवस द्या. दुकान असं लावून दाखवते, की तुम्हीच म्हणाल चालू द्या."

मामंजी पुतण्याच्या लग्नाला नागपूरला गेले आणि मी पदर खोचला. सगळ्या बरण्या उतरवल्या, पुसल्या आणि इंग्रजी अक्षरांप्रमाणे लावल्या. ए ते झेड! पहिल्या फळीवर, हाताशी, इतकी वर्षं खडीसाखर होती. तिथे आता ए, म्हणजे अ‍ॅलम, म्हणजे तुरटी. कुंकवाच्या जागी बी, ब्लू, म्हणजे कपड्यांची नीळ. प्रत्येक बरणीसाठी लाल शाईची चिठ्ठी. वर इंग्रजी, खाली मराठी.

शुक्रवारी मामंजी परतले. मी त्यांना अक्षरांची सगळी व्यवस्था समजावून सांगितली. ते फळीवरून हात फिरवत हळूहळू शेवटपर्यंत गेले. "वा. अक्षर मोत्यासारखं आहे तुझं," म्हणाले. (त्या फळीवरच्या चिठ्ठ्या अजून लावायच्याच होत्या; त्या मी रात्री लावल्या. मला वाटलं, कौतुकाच्या भरात बोलले.)

त्याच संध्याकाळी समोरच्या वहिनी मामंजींकडून कुंकवाची पुडी घेऊन गेल्या. घरी हळदीकुंकू होतं, त्यात दिवे गेलेले. अर्ध्या तासात गल्लीतून निळ्या कपाळांच्या सवाष्णी बाहेर पडू लागल्या. मी म्हटलं, नवीन व्यवस्था आहे, एखादी चूक व्हायचीच.

शनिवारी हनुमानाच्या मंदिरातले पुजारी खडीसाखर घेऊन गेले. आता नैवेद्य कोणी आधी चाखून बघत नाही. देवापुढे ठेवला, आरती झाली आणि सगळ्या पाऱ्याला तुरटीचा प्रसाद वाटला गेला. प्रसाद थुंकताही येत नाही. माणसं तोंड आवळून, एकमेकांकडे न बघता घरी गेली. प्रत्येकाला वाटलं, आपलीच भक्ती कमी पडली.

रविवारी सकाळी ती सगळी भक्ती दुकानापुढे उभी राहिली. भाऊजीही नेमके तेव्हाच आले.

"बाबूजी, भगवान को फिटकरी का भोग लग गया," पुजारी दुःखानं म्हणाले.

"अन् आमचे तोंडं अजून उघडून नाही राहिले," मागून एकजण बोलला.

"मंग तू कायनं बोलून राहिला बे?" दुसऱ्यानं विचारलं.

मामंजी उठून उभे राहिले. "चूक माझी आहे, महाराज. वय झालं आता."

"ऐकलं?" भाऊजी माझ्याकडे वळले. "तेच सांगून राहिलो मी."

दुकान हातचं चाललं, हे मला दिसत होतं. म्हणून मी वाचवायला धावले. "वयाचा काय संबंध? बरण्या मी हलवल्या. पण एवढ्या मोठ्या अक्षरात चिठ्ठी आहे ना! मामंजी, वाचून दाखवा बरं यांना." आणि तुरटीची बरणी मी त्यांच्या हातात दिली.

त्यांनी ती फिरवली. चिठ्ठीवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग हळूच म्हणाले, "खडीसाखर."

पुजाऱ्यांनी बरणी त्यांच्या हातून अलगद घेतली, एक खडा तोंडात टाकला आणि खडीसाखरेचीच ग्वाही दिली, "हव बाबूजी. मिश्रीच आय."

भाऊजी तांदळाच्या पोत्यावर मटकन बसले.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही. दोन वर्षांपासून त्यांना नुसत्या सावल्या दिसत होत्या. त्या फळ्या हाताला पाठ होत्या, म्हणून कोणाला कळलं नव्हतं. माझी नीटनेटकी व्यवस्था आली नसती, तर आणखी काही वर्षं कळलंही नसतं. कुलूप भाऊजींनी त्याच दुपारी लावलं.

मी स्वयंपाकघरात रडत बसले. मामंजी भिंतीला धरत धरत आले. "काहून रडून राहिली, पोरी?"

"मला पहिल्याच दिवशी सांगायचं ना."

"तू किती खूश होती. मले वाटलं, दोन-चार दिवसांत हाताले सवय होऊन जाईन."

पुढे सहा वर्षं ते घरात होते. एका शब्दानं मला बोलले नाहीत. फक्त बाहेर निघताना रोज हाक मारायचे, "सूनबाई, काठी कोणत्या अक्षरात ठेवली?" मी लाजेनं अर्धी व्हायचे. आणि मुलांनो, खरं सांगू? ती 'स्टिक' म्हणून एसमध्ये जावी की 'वॉकिंग स्टिक' म्हणून डब्ल्यूमध्ये, हे माझं अजून ठरलेलं नाही.