हातातलं हेल्मेट

थ्रिलर सिनेमाची सुरुवात कशी असावी, हे मला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात अगदी नीट कळलं होतं. त्या वयात सगळंच कळतं. पहिल्या मिनिटात संवाद नको, रक्त नको. पाहणाऱ्याला ज्याची आधीपासून धास्ती आहे तीच गोष्ट दारात आणून उभी करायची, बस्स.

भिलाईत ती शोधायला लांब जावं लागत नव्हतं. बाबा स्टील प्लँटमध्ये होते, सेक्टरमधल्या बहुतेक घरांचे बाबा प्लँटमध्येच. ड्यूटीवरून माणूस परतायचा तेव्हा हेल्मेट सायकलच्या हँडलला अडकवलेलं असायचं. तेच हेल्मेट हातात घेऊन, शिफ्ट सुटायच्या आधी, दुसराच कोणी फाटकाशी आला, तर प्लँटमध्ये काय झालं ते त्याला सांगावं लागत नसे. शेजारच्या बायका आपणहून चपला घालायच्या.

हेच आमचं पहिलं दृश्य. हुडको वसाहतीत लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून मित्राने कॅमेरा मागून आणला. हथखोजच्या कारखान्यात काम करणारा त्याचा मावसभाऊ निरोप्या झाला. आईने त्याला कधी पाहिलं नव्हतं. हेल्मेट बाबांचंच, जुनं, टोकन नंबर रंगवलेलं, माळ्यावरून काढलेलं. आईला मात्र काही सांगितलं नाही.

"सांगशील तर काकू ॲक्टिंग करतीन," मित्र म्हणाला. "एकदम असली चाहिए यार."

मी त्याला दोष देत नाही. मला पटलं होतं.

बाबा फर्स्ट शिफ्टला गेले होते. अकराच्या सुमारास मी मेंदीच्या कुंपणाआड कॅमेरा धरून बसलो. फाटक वाजलं तशी आई कणकेच्या हातांनी बाहेर आली. तिची नजर आधी त्याच्या हातांकडे गेली. ती ओरडली नाही. आत जाऊन तिने गॅस बंद केला, प्लँटच्या हॉस्पिटलचं मेडिकल बुक घेतलं आणि पायरीवर येऊन म्हणाली, "चाला. कोनत्या वार्डात ठेवलं हाये त्यायले?"

कणीक हातांना तशीच होती.

मावसभाऊ कुंपणाकडे बघू लागला. शेजारच्या काकू पदर खोचून निघाल्याच होत्या. मी उठलो.

"आई, काही नाही झालं. आमी सिनेमा काढून राहिलो."

तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मारलं असतं तर बरं झालं असतं. "तुहे बाबा बरे हायेत न?" एवढंच तिने विचारलं, आणि खाली बसली.

अडीचला बाबा नेहमीसारखे आले. आईने त्यांना वाढलं आणि समोर बसून राहिली. तशी ती कधी बसत नसे.

"काय पाहून राहिली?" बाबांनी विचारलं.

"काई नाई. जेवा."

मला बाबांच्या घासागणिक लाज वाटत होती. मित्र म्हणाला, अशी ओपनिंग कोणालाच जमणार नाही. खरंच होतं ते. मी ती टेप पुसली, सिनेमा तिथेच संपला आणि प्रकरण मिटलं असं मी धरून चाललो.

बाबा रिटायर होऊन बऱ्याच वर्षांनी, घरीच, आजारपणात गेले. डॉक्टर खोलीबाहेर आले तेव्हा सगळे आईकडे बघत होते. मी मान वर केली नाही. तिचा तो चेहरा मी आधीच पाहून घेतला होता, बाबा जिवंत असताना, हौसेखातर.