दाजींचे मोकळे दिवस

आमच्या दाजींइतक्या जिद्दीनं हळू पळणारा माणूस अख्ख्या कोल्हापुरात सापडायचा नाही. एकवीस किलोमीटरची शर्यत दोन तासांच्या आत संपवायची, एवढी एकच हौस त्यांनी उराशी धरली होती, आणि दरवर्षी ती अवघ्या पंधरा-वीस मिनिटांनी हुकायची. आता याला अवघ्या म्हणायचं का, हे दाजींना विचारायची माझी हिंमत नव्हती. नात्यानं मी पडलो मेव्हणा.

दोष घराण्याचा. वडील पैलवान, चुलते पैलवान. पळण्याचं खूळ एकट्या दाजींनी घेतलं, पण डोकं तालमीतच राहिलं. फेब्रुवारीत शर्यती संपल्या की शहाणा धावपटू थोडा विसावतो, मग घाई न करता लांब लांब पळून दम टिकवतो. दाजी खुराक चालू करायचे! सकाळी गंगावेशीत म्हशीजवळ उभं राहून धारोष्ण दूध, घरी बदामाची थंडाई, पाचशे बैठका आणि वर तुपात थबथबलेला शिरा. शिरा करणारी माझी थोरली बहीण, आक्का. "अंगात रग नको व्हय?" म्हणत ती आणखी एक पळी वाढायची. खुराक सोडा, नुसतं लांब पळा, असं मी दरवर्षी सांगायचो. एकदा म्हटलं, "दाजी, पळताना हे सगळं ओझं तुम्हालाच वाहायचंय." तर केवढ्यांदा ओरडले! "पावणं, पैलवान काय कुस्तीदिवशी तयार हुतोय? मोकळ्या दिसांतच घडतोय की त्यो!"

पावसाळा संपेपर्यंत दाजी चांगले आठ किलोंनी घडलेले असत. मग दिवाळीनंतर ते उतरवायला रंकाळ्याभोवती फेऱ्या. जानेवारीच्या शर्यतीत पंधराव्या किलोमीटरपासून चालत, पाणी वाटणाऱ्या पोरींची गावं विचारत विचारत यायचे. अंगावरचं उतरून पाय मोकळे व्हायचे तोवर हंगाम संपलेला, आणि इकडे आक्का बदाम भिजत घालायची.

गेल्या मार्चमध्ये आक्का गेली. आठ दिवसांचा आजार, बस्स. खुराक आपोआप बंद झाला. दाजींना घरात बसवेना. कागलच्या एमआयडीसीतल्या कामावरून आले की कपडे बदलून बाहेर. ना घड्याळ, ना वेग; नुसतं पळत राहायचं. एका रविवारी दुपारी फोन आला, "पावणं, गाडी घिऊन या. राधानगरी रोडला लई लांब आलोय. परत फिरायचं ध्यानातच न्हाय आलं." मी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडत होतो तेच दाजी आता करत होते, आणि मला ते बघवत नव्हतं.

या जानेवारीत दाजी एक तास सत्तावन्न मिनिटांत आले. चालले नाहीत, कुठं थांबले नाहीत. मी धावत जाऊन मिठी मारली, "दाजी, झालं! नादच खुळा!" त्यांनी मान हलवली. पदक हातात तसंच धरून म्हणाले, "झालं की." मी गाडीची किल्ली काढली तसा त्यांनी माझा हात धरला.

"लगीच घरी नको, पावणं. बसू जरा हितं."

मग आम्ही फुटपाथवर बसलो. शर्यतीचे दोन तास उलटून गेले तरी माणसं येतच होती, घामानं निथळत, पाय ओढत. त्यांच्या घरची माणसं हाका मारत पुढं धावत होती. दाजी एकेकाला बघत राहिले.

"ह्यांचं बरं हाय," ते म्हणाले.

मी किल्ली परत खिशात टाकली.