तारी ‘थांब’ म्हणाला

भूत, भानामती, उतारा... असलं कुणी आमच्या घरात बोललं की अण्णा अर्धा चहा टाकून उठायचे. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं घर आमचं. मी माणगावात प्राथमिक शिक्षिका. अंधश्रद्धेवर वर्गात भाषण ठोकणारी. तेव्हा हे वाचून मला येड्यात काढलंत तरी चालेल. भांडायचं त्राण आता माझ्यात नाही.

शाळा, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं... त्यात वरून आदेश आला — जुन्या पायवाटा, धक्के, बंदरं यांचे फोटो पाठवा, वारसा मार्ग करायचाय. म्हणजे रविवारही गेला! अण्णा म्हणाले, "कुड्याच्या लेण्यांची वाट मला ठाव हाय. मी येतो." वडिलांची पंचाहत्तरी उलटलेली, दोन्ही गुडघे गेलेले. पण लहानपणी ते त्यांच्या आईबरोबर होडीने लेण्यांना यायचे. एकदा परत बघायचं होतं त्यांना. नाही म्हणवेना.

लेणी बघून आम्ही पाखाडीच्या दगडी पायऱ्यांनी खाली खाडीवर उतरलो. तिथं पूर्वी तर होती, म्हणजे माणसांना पलीकडे नेणारी होडी. ती चालवणारा तो तारी. आता दगडी धक्का तेवढा उरलाय. अण्णांचे पाय लटलट कापत होते, परत वर चढणं शक्यच नव्हतं. रस्त्याला लागायचं तर खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला मातीचा बांध, तेवढाच मार्ग. अमावास्येचं उधाण, भरती चढत होती. शेवटची एसटी चुकणार होती. फोनला रेंज नाही. माझं डोकं नुसतं ठणकत होतं.

"उठा अण्णा, चला बांधावरून."

"जरा दम धर गो बाय. तारीला हाळी घालतो."

"कसला तारी! पूल झाल्यापासून तर बंद आहे."

"धक्क्यावर आलं की हाळी घालायची, रीत हाय. ‘आलो’ म्हणला तर होडी येते. ‘थांब’ म्हणला तर पाणी बरं न्हाय. मग बांधावर पन पाय टाकायचा न्हाय कुणी."

त्यांनी तोंडाशी हात धरले. "तारीऽऽ होऽऽ!"

आणि पलीकडून, कांदळवनातून, पुरुषाचा भरदार आवाज आला — "थांऽऽब!"

प्रतिध्वनी म्हणाल, तर तो आपलेच शब्द परत देतो ना? अण्णांच्या हाळीत ‘थांब’ नव्हतंच.

"कुणीतरी टवाळी करतंय," मी म्हटलं आणि त्यांचा दंड धरून ओढलं. ते हलेनात. "तारीनं थांब सांगितलंय. मी न्हाय उठणार." मला रडूच फुटलं. भीतीने नाही हो, वैतागाने. आठवडाभर राबून शेवटी म्हाताऱ्याच्या हट्टापायी खाडीवर अडकायचं! मीही धप्पकन दगडावर बसले.

थोड्या वेळाने समोरचा बांध खचला. आधी मातीचा एक लपका, मग मोठी खांड पडली आणि खाडी शेतात घुसली. आम्ही तेव्हा नेमके तिथेच असतो. मला पोहता येत नाही. अण्णांना तर धड उभंही राहता येत नव्हतं.

खांड बघायला धावत आलेल्या गावकऱ्यांनी आम्हाला होडीने रस्त्याला सोडलं. मी विचारलं, पलीकडे कोण राहतं? होडीतला माणूस म्हणाला, "थं कोन रानार, मॅडम? निस्ता चिखल हाय."

अण्णांना विचारलं तर म्हणतात, "हाळीला ओ दिली त्यानं. त्यात काय ईचारायचं?"

आता एसटी त्या पुलावर आली की अण्णा खिडकीतून हळूच हाळी घालतात. लोक हसतात. मीही आधी हसायचे. आता कान देऊन बसते, आणि पलीकडून ‘थांब’ आलं नाही की मगच पाठ टेकते.