शनिवारी मी जामसावळीला गेलो नाही

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तिच्यापासून घरात काही लपत नाही, तरी हे लपलं — सात वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय? ते मलाही धड कळत नाही.

आमचा धंदा झाडांचा. पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत कुणाच्या घरावर चिंच झुकली, कुणाच्या संत्र्याच्या बागेतल्या वाळल्या फांद्या काढायच्या असल्या, की लोक मला फोन करतात. एक करवत-मशीन, दोर, शिडी, एक जुनी गाडी आणि तीन-चार माणसं — एवढाच पसारा. त्यातली मशीन दर आठवड्याला बिघडते आणि माणूस कधीच धड मिळत नाही. गेल्या महिन्यात स्टार्टरची दोरी दोनदा तुटली. एक जण कडुलिंबावर जोरात चढला आणि वर जाऊन रडायलाच लागला, त्याला उतरवायला तिघे लागले. एक बरा तयार झाला होता, तो बोरगावच्या कंपनीत लागला. मग मी चारचौघांत म्हणतो, आजकाल चांगला माणूस मिळतो कुठे? लोक माना डोलावतात. पण मला मिळाला होता ना चांगला माणूस — माझ्याकडे होता तो.

देवमन. माझ्याच वयाचा, अंगाने काडी, बोलणं मोजकं. झाडावर चढण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर दोनदा ठोकायचा आणि सांगायचा, हे आतून पोकळ आहे, हे नाही. कौलारू घरावरची फांदी दोराने अशी उतरवायचा की एक कवेलू हलत नसे. तो वर असला की मी खाली निर्धास्त चहा प्यायचो. आता चहा गार होतो माझा — नजर सारखी वर. त्याची आठवण येते, हे सरळच सांगतो. भावाची येत नाही तेवढी येते.

मग काय झालं? मशीन बिघडली. लोकांना मी एवढंच सांगत आलोय.

ती मशीन त्या हंगामात नवीन घेतली होती. तिच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावं लागतं, नुसतं पेट्रोल घातलं तर इंजिन जळतं. रोज सकाळी मी सगळ्यांना उभं करून हे ऐकवायचो, मास्तर पाढे म्हणून घेतो तसं. देवमन मुकाट ऐकायचा आणि प्लास्टिकच्या डबकीत मिश्रण करून ठेवायचा. त्या दिवशी मोहगावला एका रिटायर गुरुजींच्या अंगणातली चिंच उतरवत होतो. देवमन वर. त्याने दोराने मशीन खाली सोडली — भरून द्या म्हणून. डबकी रिकामी झाली होती. दोघे मजूर फांद्या ओढत रस्त्यापर्यंत गेलेले. तेलाची बाटली गाडीत, गाडी पार गल्लीच्या तोंडाशी. कोण जाणार एवढ्या उन्हात? मी मोटरसायकलचं पेट्रोल काढलं आणि तसंच भरलं. थोडंच तर काम उरलंय, असं म्हणत. हो, मला माहीत होतं. मीच तर शिकवत होतो सगळ्यांना.

दहा-पंधरा मिनिटांनी मशीन किंचाळली आणि बंद पडली.

सौसरच्या मिस्त्रीने ती सगळ्यांसमोर उघडली. गुरुजीही आले होते. मिस्त्री म्हणाला, "बिना तेलाची चालवली. कोनं भरली?" आणि मी म्हणालो — तेल टाकायचं काम देवमनकडे असतं. बघा, हे वाक्य खोटंसुद्धा नाही. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून निघालं. गुरुजींनी देवमनकडे पाहिलं, मजुरांनी पाहिलं. मग मागे फिरायची सोय राहिली नाही. मी आवाज चढवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्या मी मारल्या.

देवमन भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, शनिवारी मी जामसावळीले जाऊन राह्यलो. तुमी बी या. मारुतीसमोर सांगा का चूक माही आहे. मंग मी मान्य करतो. कोनाले काही म्हननार नाही."

स्वतः शपथ घ्यायला तो तयार होताच. पण त्याने माझी मागितली.

शनिवारी मी धुतलेला शर्ट घातला. निघालोही. जामसावळीच्या फाट्यापर्यंत गेलो — आणि गाडी सौसरकडे वळवली. दुपारपर्यंत बस स्टँडजवळ बसून राहिलो. घरी येऊन मागच्या खोलीत पडलो. संध्याकाळी दारात त्याचा आवाज आला. माझा दोर आणि कमरेचा पट्टा त्याने ओट्यावर ठेवला. बायकोच्या हातात प्रसाद दिला. "भाऊले सांगजा, मी दिवसभर होतो तेथी. येतो, वहिनी." मी भिंतीपलीकडेच होतो. उठलो नाही. प्रसाद तोंडात घालायचा धीर झाला नाही, गाईला दिला. आणि मजूर म्हणाले, चूक त्याचीच असेल, नाहीतर सोडून कशाला गेला असता?

इथपर्यंतचं कदाचित कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. पुढचं आहे.

दोन वर्षांपूर्वी वरुडकडच्या एका नर्सरीवाल्याचा फोन आला. "देवमन नावाचा मानूस आला आहे. तुमच्याकडं होता म्हनते. मशीनवर ठेवू का?" एका वाक्याचं काम होतं. माझं नाव खराब करायचीही गरज नव्हती — डोळे मिटून कामावर ठेवा, एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी काय म्हणालो? "माणूस चांगला आहे. पण मशीन त्याच्या हातात देऊ नका."

हे चुकून बोललो नाही. फोन कानाला असतानाच मनात हिशेब झाला होता — तिथे नाही ठेवलं, तर तो माझ्याकडे येईल. कुठे जाईल दुसरीकडे? त्यानंतर दोन महिने मी नवीन माणूस घेतला नाही. गेटचा आवाज झाला की बाहेर यायचो. आला तर काय बोलायचं, तेही ठरवलं होतं. माफी त्यात नव्हती. "चल, उद्या पांढुर्ण्याला काम आहे," एवढंच म्हणणार होतो.

तो आला नाही. मागच्या हंगामात मोहगावचे गुरुजी भेटले, त्यांनी सांगितलं — देवमन वरुडच्या मंडीत संत्र्याची कॅरेटं उचलतो. झाडावर चढणं त्याने सोडलं. मशीनवर कुणी ठेवत नाही म्हणाला.

पहिल्यांदा मी घाबरून खोटं बोललो होतो. दुसऱ्यांदा, तो मला हवा होता म्हणून.